पेरूला पावसातलं फळ धरू देऊ नकोस

पोरी, गच्चीवर पेरू लावणार म्हणालीस, ऐकून जीव सुखावला. पण एक गोष्ट आधी ध्यानात घे. आपल्या कोल्हापुरात कुंडीतला पेरू उन्हानं मरत नाही, पाण्यानं मरतो. माझं पहिलं रोप ऐन जुलैत गेलं. फरशी खराब होऊ नये म्हणून कुंडीखाली थाळी ठेवली होती. आठ दिवसांच्या झडीत ती भरूनच राहिली. पानं मलूल दिसली म्हणून उघडीप पडताच मी वरून आणखी पाणी घातलं. उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली.

म्हणून थाळी नकोच. अर्धा कापलेला पिंप घे, बुडाला चांगली मोठी भोकं पाड आणि विटांवर ठेव. नुसती काळी माती भरू नकोस, ती पाणी धरून बसते. तांबडी माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं सारखं मिसळ. रोप कलमाचंच आण, बियाचं झाड मूळ झाडासारखं निघेलच असं नाही. 'सरदार' माग. त्यालाच लखनौ-४९ म्हणतात, पण त्याची निवड झाली आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ साली.

आता खरा कानमंत्र. फेब्रुवारी-मार्चात झाड कळ्यांनी भरेल. त्या सगळ्या खुडून टाक. ते फळ भर पावसात पिकतं, पाणचट लागतं, आणि फळमाशी त्यात अंडी घालते. कापलं की आत अळ्या वळवळतात. मे महिन्यात पाणी कमी कर. शेतकरी बागेचं पाणी पार तोडतात, तसं कुंडीला करू नकोस. पानं जराशी सुकू देत, मग घाल. थोडी पानं गळतील, घाबरू नकोस. महिनाअखेर फांद्यांचे शेंडे वीतभर छाट, कारण पेरूला फूल येतं ते नव्या फुटीवर. मृग लागला की माती हलवून दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर लिंबोळी पेंड घाल. पावसाबरोबर फूट येईल, फुटीवर कळी, आणि फळ हाताला लागेल थंडीत. गोडी असते ती त्याच फळाला.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून बघ, पांढरा पिठ्या ढेकूण असणारच. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून काढ. फळ लिंबाएवढं झालं की त्याला पिशवी बांध. पाऊस ओसरल्यावर कुंडीत उसाचं पाचट अंथर, ओल टिकते.

पहिल्या वर्षी कळ्या खुडताना तुझा हात धजणार नाही. मार्चात मला हाक मार, मी येऊन खुडते.