ग्राउल आणि गाणं : एका गळ्यातले दोन आवाज

मेटल ऐकणाऱ्या मुलाला घरात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "अरे, हा माणूस असा ओरडतोय का?" त्यावर ठरलेलं उत्तर, "ओरडत नाही, ग्राउल करतोय." हे काही उत्तर नव्हे. नाव सांगितलं, कारण सांगितलं नाही. आणि 'का' हा प्रश्न तर अगदी योग्य आहे. साहित्य मंडळात कवितेबद्दल आपण तोच विचारतो : हा शब्द इथे का? मग आवाजाबद्दल का विचारू नये?

आधी ओळख. ग्राउल म्हणजे घशातून काढलेला खरखरीत, गुरगुरता, बहुधा खर्जातला आवाज. त्याच्या समोर 'क्लीन' गायन, म्हणजे आपण ज्याला सरळ सुरात गाणं म्हणतो ते. 1980 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत डेथ मेटल आकाराला आलं. कॅलिफोर्नियाच्या पझेस्डचा 'सेव्हन चर्चेस' (1985) आणि फ्लोरिडाच्या डेथचा 'स्क्रीम ब्लडी गोअर' (1987) हे त्याचे सुरुवातीचे अल्बम. या संगीतात ग्राउल हाच मुख्य आवाज झाला. पुढे काही बँडना वाटू लागलं की एकाच गाण्यात दोन्ही आवाज का नसावेत? आपला विषय तिथून सुरू होतो.

पण घशात नेमकं होतं काय, ते बघू. आपल्या स्वरयंत्रात व्होकल कॉर्ड असतात. साधं बोलताना पुरुषांमध्ये त्या सेकंदाला शंभराच्या थोड्या वर, तर स्त्रियांमध्ये साधारण दोनशे वेळा कंप पावतात. कंप नियमित असतो म्हणून सूर ऐकू येतो. या कॉर्डच्या वर आणखी एक जोडी असते, फॉल्स कॉर्ड. तिचं रोजचं काम गाण्याचं नाही. गिळताना, खोकताना, जड वस्तू उचलताना श्वासमार्ग मिटायला ती मदत करते. ग्राउलच्या एका मुख्य पद्धतीत ही वरची जोडीही थरथरते, आणि ती थरथर अनियमित असते. म्हणून सूर धूसर होतो आणि खरखर पुढे येते.

हीच जोडी नियमित कंप पावली तर? सायबेरियाच्या दक्षिणेला तुवा नावाचा प्रदेश आहे. तिथले गायक कार्गिरा नावाच्या प्रकारात नेमकं हेच करतात. खऱ्या कॉर्डच्या दोन कंपांमागे फॉल्स कॉर्डचा एक, म्हणून सूर पूर्ण एक सप्तक खाली जातो. आपण ज्याला मंद्र म्हणू त्याच्याही तळाशी. म्हणजे मेटलवाल्यांनी हा अवयव शोधून काढला असं नाही. तो माणसाजवळ होताच, त्यांनी त्याला वेगळ्या कामाला लावलं.

सूर गेला की चाल गेली, हे उघड आहे. मग उरतं काय? एक प्रयोग करून बघा. नुसत्या कुजबुजीत 'आ', 'ई', 'ऊ' म्हणा. कुजबुजीत सूर नसतो, तरी तिन्ही स्वर वेगळे ओळखू येतात. शिवाय 'ई' वरचा वाटतो आणि 'ऊ' खालचा. हे सगळं तोंडाचा आणि जिभेचा आकार करतो. ग्राउल करणारा याच जागेत खेळतो. तोंड आक्रसून, ओठ गोल करून तो आवाज 'खाली' नेतो, पसरून 'वर' आणतो. अक्षरं कळत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण त्यात बराचसा दोष गाण्याच्या वेगाचा आणि गिटारच्या भिंतीचा असतो. सूर धूसर असल्यामुळे आणखी एक गंमत होते. स्वीडनच्या आर्च एनिमी या बँडमध्ये अँजेला गॉसो आली आणि 'वेजेस ऑफ सिन' (2001) निघाला. पहिल्यांदा ऐकणाऱ्या अनेकांना हा आवाज बाईचा आहे हे सांगावं लागतं.

स्वर मागे गेले की व्यंजनं पुढे येतात. आणि इथे एक जुना मराठी-संस्कृत धडा आठवतो, जो बी.ए.ला आपण परीक्षेपुरता पाठ करतो. मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त गुणांची चर्चा केली. माधुर्य हा शृंगार, करुण, शांत यांचा गुण. त्यात ट, ठ, ड, ढ नकोत. ओज हा वीराचा गुण, बीभत्सात त्याहून जास्त आणि रौद्रात सर्वांत जास्त. त्यात ट-वर्ग हवा, जोडाक्षरं हवीत, रफार हवा. म्हणजे कानाला टोचणारा वर्ण हा दोष की गुण, हे रसावर ठरतं. करुणात तो दोष, रौद्रात गुण. मला हे ग्राउलला अगदी चपखल बसतं. ग्राउल म्हणजे आवाजातलं ओज, क्लीन म्हणजे माधुर्य. 'हे गोड नाही' अशी ग्राउलबद्दल तक्रार करणं म्हणजे रौद्ररसाच्या श्लोकात 'ढ' आला म्हणून रुसणं.

आता प्रत्यक्ष उदाहरण. स्टॉकहोमचा ओपेथ हा बँड आणि त्याचा गायक, गिटारवादक, गीतकार मिकाएल ओकरफेल्ट. त्याच्या गळ्यात दोन्ही आवाज आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत. 1999 चा 'स्टिल लाइफ' घ्या. सात गाणी, तासाभराचा अल्बम, आणि सगळी मिळून एकच कथा. श्रद्धा नाही म्हणून गावाने हाकलून दिलेला एक माणूस बऱ्याच वर्षांनी परत येतो. कुणासाठी? मेलिंडासाठी. पाचवं गाणं 'फेस ऑफ मेलिंडा'. सुरुवात दबक्या वाद्यांनी होते, पुढे गिटार चांगलीच जड होते. सवयीने आपण वाट बघतो, आता ग्राउल येणार. येत नाही. आवाज शेवटपर्यंत क्लीन राहतो. लगेच पुढचं गाणं, 'सेरेनिटी पेंटेड डेथ'. मेलिंडाला मारलं जातं, आणि तोच माणूस ग्राउलमध्ये फुटतो. मागच्या गाण्यात आवरून धरलेलं सगळं इथे बाहेर येतं. मधे कुणी निवेदक येऊन 'तो संतापला' असं सांगत नाही. गळाच सांगतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या अल्बममध्ये ग्राउल हा खलनायकाचा आवाज नाही. दोन्ही आवाज एकाच नायकाचे आहेत. 'गोड आवाज म्हणजे देव, खरखरीत आवाज म्हणजे राक्षस' ही वाटणी काही बँड करतात. मुलगी गोड गाते आणि पुरुष गुरगुरतो हा तर ठरूनच गेलेला साचा आहे. मला ती वाटणी आळशी वाटते. माणूस एकच, पण मनाची अवस्था बदलली की आवाज बदलतो, यात जास्त खोली आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नसावा. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचं 'संगीत सौभद्र' 1882 मध्ये रंगभूमीवर आलं. संगीत नाटकात पात्र गद्य बोलता बोलता पद गायला लागतं. जाणता प्रेक्षक तेव्हा विचारतो, गद्य इथेच का थांबलं? पद इथे नाटकाला हवं होतं, की नटाला टाळ्या हव्या होत्या? ग्राउल आणि क्लीन यांच्या सांध्यालाही हीच कसोटी लावावी. कित्येक बँडमध्ये कडवं ग्राउलमध्ये आणि धृपद गोड, असा हिशेब गाणं लिहिण्याआधीच झालेला असतो. तिथे सांधा दिसतो, गरज दिसत नाही.

ओपेथने एकदा हे दोन आवाज दोन अल्बममध्ये वाटून बघितले. 'डिलिव्हरन्स' (2002) जड, आणि त्याच सुमारास ध्वनिमुद्रित केलेला 'डॅमनेशन' (2003) संपूर्ण क्लीन. 'डॅमनेशन' सुरेख आहे, मेटल न आवडणाऱ्या मित्राला खुशाल द्यावा. पण मला त्यात थोड्या वेळाने काहीतरी कमी वाटू लागतं. ओपेथचं हळुवार गाणं सुंदर लागतं, कारण ते कधीही मोडेल अशी धास्ती असते. ती धास्ती काढली की हळुवारपणा सपाट होतो. 2008 च्या 'वॉटरशेड'नंतर तर ओकरफेल्टने ओपेथच्या नव्या अल्बममध्ये ग्राउल सोडूनच दिला. 2011 च्या 'हेरिटेज'पासून चार अल्बम क्लीन. जुने चाहते नाराज झाले, नवे आले, आणि दोन्हीकडून हमरीतुमरीवर येऊन वाद झाले. कलावंताने कंटाळा आलेली गोष्ट करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. मग 2024 मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला आणि ग्राउल परतला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली एका श्रीमंत घराची गोष्ट, बापाच्या मृत्युपत्राचं वाचन. पहिल्या सात गाण्यांना नावं नाहीत, मृत्युपत्राच्या कलमांसारखे नुसते क्रमांक आहेत. आठव्याला मात्र नाव आहे, आणि ते क्लीन गायलेलं आहे. सोळा वर्षं बाजूला ठेवलेला आवाज परत आणायला इथे कारण सापडलं होतं : मेलेल्या माणसाची हुकमत.

हे वाचून कुणी आज रात्री खोलीचं दार लावून प्रयत्न करणारच, म्हणून दोन शब्द. ताकद गळ्यातून नाही, पोटाच्या आधाराच्या श्वासातून येते. चांगला ग्राउल वाटतो तितका मोठा नसतो, बरंचसं काम माइक करतो. दुखलं, खाज आली, टोचलं की थांबा. पाणी प्या. दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, गुळण्यांवर भागवू नका. आणि शक्य असेल तर आधी साधं गायला शिका. श्वासाची शिस्त तिथेच लागते.

आपल्याकडे हे काम झालेलं नाही असं नाही. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने 2017 मध्ये विष्णूच्या अवतारांवर 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. साहिल मखीजा त्यात ग्राउलही करतो आणि क्लीनही गातो. शब्द मात्र इंग्रजी आहेत. मराठीत ग्राउल कसा लागेल याबद्दल माझा एक अंदाज आहे, खोडून काढायला मोकळीक आहे. इंग्रजीत 'घ', 'ढ', 'भ' नाहीत. आपल्याकडे ही महाप्राण अक्षरं आहेत, जी उच्चारतानाच श्वासाचा झोत लागतो, आणि जोडाक्षरांची तर चंगळ आहे. 'खड्ग', 'धगधग', 'भडका', 'उद्ध्वस्त' हे शब्द आधीच निम्मे ग्राउल आहेत. मंडळातल्या कवींनी असं एक कडवं लिहावं, आणि त्याच्या पुढचं एक ट-वर्गाला हातही न लावता. गायला कोण तयार आहे ते वसतिगृहात विचारू.