पेंढ्यावरची कोलांटी

कल्याणहून माळशेज घाट चढून आलं की ओतूरच्या अलीकडे मढ लागतं. तिथल्या शाळेत बदली झाली तेव्हा माझं खेळातलं भांडवल म्हणजे लहानपणी शिकलेला दोरीचा मल्लखांब, बस्स. पोरी मात्र तयारीच्या होत्या. हिरडा काढायला झाडावर चढणाऱ्या, बांधावरून उड्या टाकणाऱ्या. त्यांना जिम्नॅस्टिक्स शिकवता शिकवता मीच काय शिकले, ते इथे लिहिते आहे.

१. आधी गादी, मग कोलांटी.

पहिल्या वर्षी गाद्या नव्हत्या, म्हणून शाळेमागे भाताचा पेंढा पसरला. पेंढा पहिल्या दिवशी उशीसारखा लागतो आणि आठवड्यात दबून चटई होतो. हे पोरींना ठाऊक होतं, मला नव्हतं. एकीचं मनगट मोडलं. दवाखान्यात नेताना तिची आई जीपमध्ये अवाक्षर बोलली नाही. परत येताना म्हणाली, "बाई, पोरगी पडायचीच. पण खाली काय घातलंय ते आधी बघायचं व्हतं." त्यानंतर एका वसतिगृहाने टाकून दिलेल्या स्पंजच्या दोन गाद्या मागून आणल्या.

आगरतळ्याच्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने सुरुवातीला जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून केलेल्या साधनांवर सराव केला, ही गोष्ट आपण फार अभिमानाने सांगतो. तिच्या प्रशिक्षकांच्या, विश्वेश्वर नंदी सरांच्या, जिद्दीला माझा नमस्कार. पण ती गोष्ट ऐकली की मला ते मनगट आठवतं, आणि अभिमान वगैरे काही वाटत नाही.

२. पदक कुठल्या साधनावर आलं ते बघा.

आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये मुलींना चार साधनं असतात : व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर. आता आपल्या मुलींची मोठी पदकं आठवा. २०१४ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दीपाचं कांस्य, २०१५ला हिरोशिमाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुन्हा तिचंच. २०१८ला मेलबर्नच्या विश्वचषकात अरुणा रेड्डी, २०१९ला उलानबातर आणि २०२२ला दोहा इथे प्रणती नायक. सगळी व्हॉल्टवर. रिओ ऑलिंपिकमधला दीपाचा चौथा क्रमांकही व्हॉल्टचाच.

हा योगायोग नव्हे. व्हॉल्टला धाव लागते, पायांत ताकद लागते, स्प्रिंगबोर्ड आणि टेबल लागतं. काही सेकंदांत सगळं संपतं. बार आणि बीमचं तसं नाही. तिथे चांगल्या साधनावर, चांगल्या गाद्यांवर, रोज कित्येक तास, वर्षानुवर्षं घालवावी लागतात. मी शाळेच्या व्हरांड्यात खडूने दहा सेंटिमीटर रुंदीचा, पाच मीटर लांबीचा पट्टा आखला होता. बीम तेवढाच असतो. त्यावरून सगळ्या पोरी चालल्या, उड्या मारल्या, दोघींनी कोलांट्याही घेतल्या. मग सुताराकडून तेवढ्याच रुंदीची फळी करून गुडघाभर उंचीवर बसवली. निम्म्या पोरी अर्ध्यातच उतरल्या. खरा बीम सव्वा मीटर उंच असतो.

म्हणून व्हॉल्टचं पदक आलं की मला आनंद होतो, आणि लगेच बाकीच्या तीन साधनांचं काय, हा प्रश्न पडतो. माझ्या नवऱ्याला हे अजिबात आवडत नाही. तो म्हणतो, पेढा खाताना तरी हिशेब बाजूला ठेव.

३. गुण वाचायला शिका.

यात खेळाची निम्मी मजा आहे. कसरतीच्या अवघडपणाचे गुण वेगळे आणि ती किती नेटकी केली याचे दहापासून खाली येणारे वेगळे, त्यांची बेरीज. पडलात तर पूर्ण एक गुण गेला. उतरताना पाऊल जरासं सरकलं तर ०.१. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन वेगळ्या उड्या आणि त्यांची सरासरी. रिओमध्ये दीपाचे १५.०६६ होते, कांस्यवालीचे १५.२१६. फरक ०.१५. हे फळ्यावर मांडलं त्या दिवशी गणितात कच्च्या असलेल्या पोरींनी दशांश अपूर्णांक न कुरकुरता सोडवले.

४. कपड्यांवरून भांडू नका, तोडगा काढा.

"बाई, तसल्या कपड्यात पोरगी न्हाई नाचायची," एका वडिलांनी बजावलं. मी त्यांना जर्मन मुलींचे फोटो दाखवले. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या घोट्यापर्यंत अंग झाकणाऱ्या पोशाखात खेळल्या आणि ते नियमातच बसतं. वडील बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "हे ठीक हाय. काळं घ्या, मळायचं न्हाई."

५. 'उशीर झाला' हे वाक्य घरी आणू नका.

हे सांगायला मला सगळ्यात जड जातं. जानेवारी २०१९मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाल्या. चार पोरींना घेऊन मी एसटीने गेले. त्यांतली एक अकरा वर्षांची होती. तिच्यासारखी हातावर चालणारी पोरगी मी परत पाहिली नाही. तिथे भेटलेल्या एका प्रशिक्षकांना तिच्याबद्दल विचारलं. त्यांनी वय विचारलं आणि मान हलवली. "सहाव्या वर्षी आणायला हवी होती."

ते खोटं बोलत नव्हते. दीपाही सहाव्या वर्षीच सुरू झाली होती. १९७६ला मॉन्ट्रिऑलमध्ये पूर्ण दहा गुण मिळवणारी नादिया कोमानेची १४ वर्षांची होती. आज ती ज्युनियर गटात गेली असती, कारण आता सीनियरमध्ये उतरायला त्या वर्षात सोळा पूर्ण व्हावी लागतात. चूक माझी झाली. ते वाक्य मी तिथेच सोडून यायचं, तर पिशवीत घालून मढला आणलं. पोरीला म्हटलं, "आता अभ्यासाकडे लक्ष दे." तिने दिलं. हातावर चालणं सोडलं.

६. मे महिन्यात शाळेची किल्ली जवळ ठेवा.

२०२४ला मुलींची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा ताश्कंदला झाली, ज्युनियर आणि सीनियर दोन्ही गटांची. २६ मे, रविवार. दीपाने व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. या स्पर्धेत कुठल्याही भारतीयाला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण. तिचे १३.५६६, उत्तर कोरियाच्या किम सोन ह्यांगचे १३.४६६. फरक ०.१, म्हणजे जरासं सरकलेलं एक पाऊल. मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, २१ महिन्यांची बंदी भोगलेली, आणि वय तिशीचं.

दुसऱ्या दिवशी दहावीचा निकाल होता, दुपारी एकला. हातावर चालणारी ती पोरगी आता सोळाची होती. माझ्या फोनवर निकाल बघायला म्हणून लवकरच शाळेत आली. वेळ होता, म्हणून मी तिला दीपाची उडी दाखवली. तिने ती तीनदा पाहिली.

"किती वर्षांची आहे ही?"

"तीस पूर्ण होतील ऑगस्टमध्ये... नाही, एकतीस."

"मग मला उशीर झालाय असं कोण म्हणालं होतं, बाई?"

मी सांगितलं. प्रशिक्षक काय म्हणाले ते, आणि ते किती खरं होतं तेही. तिने ऐकून घेतलं. मग खोलीतून स्पंजची गादी ओढत बाहेर आणली, भिंतीलगत टाकली, सलवार घोट्याशी खोचली आणि हात टेकले. पाय पहिल्यांदा वर गेलेच नाहीत. दुसऱ्यांदा भिंतीवर जोरात आपटले. तिसऱ्यांदा गेले आणि राहिले.

मी घड्याळ बघितलं. एक वाजायला अजून वीस मिनिटं होती.