शस्त्रक्रियेचे वण आणि लेसर उपचार

शस्त्रक्रिया यशस्वी होते, टाके निघतात, रोगी घरी परततो. पण वण मागे राहतो. पोटावरील वण वस्त्राखाली झाकला जातो. गळ्यावरील किंवा चेहऱ्यावरील वण मात्र रोज आरशात दिसतो. काही वण खाजतात, दुखतात, ओढ घेतात. म्हणून वणावरील उपचार ही केवळ नटण्याची हौस समजणे योग्य नाही. त्याचबरोबर, वण समूळ नाहीसा करण्याच्या आश्वासनावर विसंबून पैसा खर्च करणेही तितकेच अयोग्य होय.

वण का राहतो?

जखम सांधण्यासाठी शरीर कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू घाईने तयार करते. निरोगी त्वचेतील तंतूंची जाळीदार वीण वणात आढळत नाही. नव्या रक्तवाहिन्यांमुळे आरंभी वण लाल दिसतो. वर्षभरात किंवा त्याहून अधिक काळात तो फिका व मऊ होत जातो. तंतूंची वाढ अतिरिक्त झाल्यास वण उंचावतो. जखमेची मर्यादा ओलांडून निरोगी त्वचेवर पसरणाऱ्या वणास कीलॉइड म्हणतात.

लेसरचे कार्य

पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली तयार केला. १९६४ मध्ये तेथील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढणारे डॉ. कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. हाच लेसर आज वणांवरही वापरला जातो. त्याची ऊर्जा त्वचेतील पाणी शोषून घेते. २००४ साली पुढे आलेल्या तत्त्वानुसार किरण सूक्ष्म ठिपक्यांच्या रूपाने सोडले जातात. मधली त्वचा अबाधित राहिल्याने जखम लवकर भरते आणि कोलॅजेनची नवी रचना होऊ लागते. लाल वणासाठी ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा रंजक लेसर उपयोगी पडतो. त्याचे किरण रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते व वणातील अतिरिक्त सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात.

घ्यावयाची दक्षता

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही काही किरण शोषून घेते. मात्रा चुकल्यास त्वचा भाजते वा काळे डाग पडतात. म्हणून आपल्याकडे ऊर्जेची मात्रा बेताची ठेवणे, आधी लहानशा भागावर चाचणी घेणे आणि उन्हापासून संरक्षण करणे आवश्यक ठरते. उपचाराच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. कीलॉइडवर केवळ लेसर पुरत नाही. बहुधा वणात स्टेरॉइडची इंजेक्शनेही द्यावी लागतात. साध्या वणास सिलिकॉनच्या पट्टीनेही लाभ होऊ शकतो.

उपचार कधी सुरू करावा, हे वणाचे स्वरूप पाहून त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन यांनीच ठरवावे. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. त्यांची संख्या व एकूण खर्च आधीच विचारून घ्यावा. सल्ला विचारण्यास येणाऱ्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढे अवश्य सांगावे : लेसरने वण पुसला जात नाही, तो फिका, मऊ आणि सपाट होऊ शकतो. ही मर्यादा आधी समजलेल्या रोग्याची फसवणूक होत नाही आणि निराशाही टळते.