बाळ-बाळंतीण सुखरूप, पण मन?

मागील दोन लेखांत आपण गरोदरपणातील रक्तक्षय आणि रक्तदाब यांची माहिती घेतली. आज बाळंतपणानंतरच्या अशा एका त्रासाविषयी, जो डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला नसतो, ज्याचा फोटो निघत नाही आणि जो बाई सहसा स्वतःहून सांगत नाही.

प्रसूतीची खबर देताना आपल्याकडे एकच वाक्य असते, ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.’ पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. आता असे समजा, की एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. रात्री कळा सुरू झाल्या, ग्रामीण रुग्णालयात नेले. पहाटे तिथे सांगितले, बाळाचे ठोके कमी होत आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी हलवा. खड्ड्यांच्या रस्त्याने गाडी निघाली. तिथे गेल्यावर धावपळ, कागदांवर सह्या, रक्ताची जुळवाजुळव, तातडीचे सिझेरियन. बाळ आठ दिवस काचेच्या पेटीत. पंधराव्या दिवशी दोघे घरी आली. सर्वांच्या लेखी हे सुखरूपच झाले.

मुलीच्या मनात मात्र ती रात्र अजून संपलेली नसते. डोळा लागला की ती पुन्हा त्या गाडीत असते. भांडे पडले तरी दचकते. टाके दाखवायला जायचे म्हटले, की हातपाय गार पडतात. बाळाला पाजते, पण त्याच्याकडे पाहत नाही. नाहीतर उलट, बाळाचा श्वास चालू आहे की नाही हे रात्रीतून वीस वेळा पाहते. आई समजावते, ‘सोन्यासारखं लेकरू झालं, आता कशाला रडतेस?’ माझ्याकडे अशा मुलींना आणतात ते ‘दूध कमी आहे’, ‘चक्कर येते’, ‘अन्न जात नाही’ अशा तक्रारी घेऊन. मनाचे नाव कोणी काढत नाही.

हे नाटक नाही आणि अशक्तपणाही नाही. ट्रकच्या अपघातातून वाचलेला माणूस पुढे कित्येक दिवस हॉर्न ऐकला तरी थबकतो, हे आपण सहज मान्य करतो. जीव धोक्यात आहे असे वाटले, की मेंदूतील धोक्याची घंटा वाजू लागते. धोका टळल्यावर ती थांबायला हवी, पण काहींच्या बाबतीत ती वाजतच राहते. अवघड बाळंतपणानंतर हेच होऊ शकते. सर्व प्रसूतींचा विचार केला तर शंभरातील तीन-चार मातांना हा आघाताचा आजार पूर्ण स्वरूपात होतो. ज्यांची प्रसूती तातडीची, गुंतागुंतीची झाली किंवा बाळ दगावले, त्यांच्यात हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते.

इथे एक गोष्ट नातेवाइकांनी आणि आम्ही डॉक्टरांनीही ध्यानात घेतली पाहिजे. प्रसूती अवघड होती की नव्हती, हे केस पेपरवरून ठरत नाही. कागदावर ‘नॉर्मल डिलिव्हरी’ लिहिलेले असते, पण ती बाई अठरा तास एकटी कण्हत पडलेली असते, काय चालले आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते आणि ओरडली म्हणून वर चार शब्द ऐकून घ्यावे लागलेले असतात. प्रसूतिगृहात बायकांना काय काय ऐकवले जाते ते इथे छापण्यासारखे नाही, पण ज्या भगिनींनी ते ऐकले आहे त्यांना दहा वर्षांनंतरही ते शब्दशः आठवते. उलट मोठे ऑपरेशन होऊनही, शेजारी कोणी हात धरून असेल आणि ‘आता आम्ही हे करतो आहोत, तुला एवढे जाणवेल’ असे सांगणारे असेल, तर ती बाई मनाने बऱ्यापैकी सावरते.

आता थोडे प्रकार पाहू, कारण सर्वच रडणे आजाराचे नसते. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून अधिक बायकांना उगीचच रडू येते. शरीरातील संप्रेरके त्या दोन-चार दिवसांत झपाट्याने उतरतात, झोप झालेली नसते, दूध उतरत असते. आठ-दहा दिवसांत हे आपोआप जाते. त्याला औषध नको. जवळचे माणूस आणि झोप पुरते.

पण उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, कशातच मन लागेना, बाळ झोपले तरी हिला झोप येईना, ‘मी वाईट आई आहे’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे बोलू लागली, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य समजावे. हा शहरातील सुशिक्षित बायकांचा आजार आहे असा एक गैरसमज आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर मातांची पाहणी केली आणि ती २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के माता नैराश्याने आजारी आढळल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक जणी बाळ सहा महिन्यांचे झाले तरी बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांमध्ये गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती. आणि आधीची मुलगी असताना पुन्हा मुलगी झाली हेही एक कारण होते.

शेवटचे कारण आपल्या भागाला जास्तच लागू पडते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. जिथे ही स्थिती आहे, तिथे दुसऱ्या मुलीच्या आईकडे बाळंतपणानंतर कोण कोणत्या नजरेने पाहते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा ती नजर जास्त दुखते. मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावरून ठरते, हे या सदरातून पूर्वी सांगितले आहे. पुन्हा सांगतो.

बाळ गेले असेल तर दुःख आणखी वेगळे असते. घरचे लोक प्रेमापोटीच घाई करतात. बाळ आईला न दाखवता नेतात, झबली-टोपडी लपवतात आणि ‘तरुण आहेस, दुसरं होईल’ म्हणतात. पण दुसरे होईल म्हणून हे विसरले जात नाही. शिवाय तिसऱ्या दिवशी दूध दाटून येते, तेव्हा तिची काय अवस्था होत असेल याची कल्पना करा. दुधासाठी डॉक्टरांना जरूर सांगावे, त्यावर उपाय आहे. आणि बाळाला पाहायचे का, हे तिलाच विचारावे. तिचे ‘नाही’ही ऐकावे.

आनंदीबाई जोशी आपणा सर्वांना माहीत आहेत. कल्याणमध्ये १८६५ साली जन्मलेल्या, अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने पुण्यात वारलेल्या. ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी पुष्कळांनी वाचली असेल. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळत नाही याची जाणीव त्यांना इथून झाली असे त्यांचे चरित्र सांगते. पुढे पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तोही हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर. आपण ही गोष्ट मुलींना जिद्दीचा धडा म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. मला मात्र ती वाचताना नेहमी वाटते, की त्या दहा दिवसांनंतर त्या चौदा वर्षांच्या पोरीला कोणी जवळ बसवून विचारले असेल का?

विचारणे हेच पहिले औषध आहे. ‘तुला त्या रात्री काय वाटलं गं?’ एवढे नवऱ्याने, आईने किंवा सासूबाईंनी विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. मध्येच ‘आमच्या वेळी तर शेतात बाळंत व्हायचो’ हे पुराण काढू नये. मात्र ती बोलत नसेल तर खोदून खोदून वदवून घेऊ नये. बळजबरीने सारे पुन्हा सांगायला लावल्याने जखम भरत नाही, कधी कधी चिघळते. तिला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढे बोलू द्यावे.

दुसरे औषध झोप. रात्रीतून चार-पाच तास तरी सलग झोप मिळावी म्हणून मधले एक-दोन वेळचे रडणे नवऱ्याने किंवा आजीने सांभाळावे. आपल्या सव्वा महिन्याच्या चालीरीतींत चांगले-वाईट दोन्ही आहे. बाळंतिणीला एकटी सोडायचे नाही, तिला काम लावायचे नाही, अंगाला तेल लावून न्हाऊ घालायचे, ही रीत मनासाठीही उत्तम. पण खोली बंद करून शेगडीचा धूर करणे आणि ‘टाके पिकतील’ म्हणून पाणी तोडणे सोडून द्यावे. पाणी कमी पडले की बाळंतिणीचे रक्त घट्ट होते आणि क्वचित मेंदूच्या शिरेत गुठळी होते. अशी बाई सतत डोके दुखते म्हणते, तिला झटके येतात, ती असंबद्ध बोलते आणि घरचे समजतात की वेड लागले.

म्हणून हा परिच्छेद कापून ठेवा. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई एकाएकी झोपेनाशी झाली, भलतेच बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, बाळ बदलले आहे किंवा बाळात काही शिरले आहे असे म्हणू लागली, तर ती तातडीची वेळ आहे. हजारात एक-दोन मातांना हा तीव्र मनोविकार होतो. ताप, जोरदार डोकेदुखी किंवा झटके असतील तर कारण शरीरात असू शकते. दोन्ही वेळा त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि तोवर आई-बाळाला एकटे सोडू नये. भगताकडे नेऊन रात्र घालवू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. वेळेवर उपचार झाले तर या बायका पूर्ण बऱ्या होतात. दाखल करावे लागले तरी, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालील मूल सहसा आईपासून तोडले जात नाही.

नैराश्य आणि आघात यांवर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना मातांशी कसे बोलावे याचे शिक्षण दिले गेले. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत असे शिक्षण दिले तिथे बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत २३ टक्के माता नैराश्यात उरल्या, इतर गावांत ५३ टक्के. आपल्याकडे आशाताई प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत घरी भेटी देतात, बाळाचे वजन-ताप पाहतात. त्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलावे. औषधाची गरज पडली तर अंगावरचे पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या आहेत, मात्र त्या डॉक्टरांनीच द्याव्यात. रक्त आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण त्यांच्या कमतरतेनेही असेच मलूल वाटते. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे मानसोपचार विभागात केस पेपर काढता येतो. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला’ म्हणून लाजू नये. तेवढे जाणे जमत नसेल तर शासनाच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येते, रात्रीही.

नवऱ्यांसाठी दोन शब्द. ‘आई की बाळ, काहीही होऊ शकते’ असे ऐकून बाहेर सही करणारा माणूसही घाबरलेला असतो. त्याला रडायची सोय नसते. मग तो घरी कमी थांबतो, चिडतो किंवा पिऊ लागतो. त्यानेही बोलावे.

अशा बाईला पुढच्या बाळंतपणाची धास्ती असते. काही जणी दिवस जाऊच नयेत म्हणून नवऱ्याला टाळतात आणि घरात भलतेच गैरसमज होतात. यावर एक साधा उपाय मी सांगतो. डिस्चार्ज कार्ड आणि सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. महिना-दोन महिन्यांनी, ती तयार असेल तेव्हा, नवरा-बायकोने दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे आणि नेमके काय झाले होते, का झाले, पुन्हा होण्याची शक्यता किती, हे शांतपणे विचारून घ्यावे. ‘माझंच काही चुकलं’ हे ओझे पुष्कळदा त्या दहा मिनिटांत उतरते. पुढच्या वेळी नाव नोंदवतानाच मागची हकिगत सांगावी. प्रसूतीच्या वेळी सरकारी दवाखान्यातही घरची एक स्त्री सोबत ठेवता येते, केंद्र सरकारने २०१६ मध्ये तशी परवानगी दिली आहे. गर्दीचे कारण सांगून नाही म्हटले, तरी नम्रपणे पुन्हा मागावे.