समुद्रगवताची कुरणे आणि भातखाचरांचे पाणी

समुद्राच्या तळाशी दिसणाऱ्या प्रत्येक हिरव्या वनस्पतीला शेवाळ म्हणण्याची सवय आहे. समुद्रगवताच्या बाबतीत ती चुकीची ठरते. समुद्रगवत ही सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, हराळीप्रमाणे जमिनीखाली आडवे पसरणारे खोड असते, फुले येतात आणि बीही धरते. नावात गवत असले तरी ती गवताच्या कुळातील नाही; जमिनीवरील एकदल वनस्पतींच्या काही शाखा कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा समुद्रात उतरल्या, त्यांचे हे वंशज होत. जगात तिच्या सुमारे ७० जाती असून त्यांपैकी पंधरा-सोळा भारतात आढळतात.

चेन्नईतील वेलचेरीलगत पळ्ळिकरणैची पाणथळ आहे. परिसरातील पावसाचे पाणी या पाणथळीत थांबते, गाळ खाली बसतो आणि जादा पाणी ओक्कियम मडुवु या प्रवाहातून बकिंगहॅम कालव्याला मिळून कोवळमच्या खाडीवाटे बंगालच्या उपसागरात जाते. २०२२ मध्ये या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जमिनीवरचे पाणी समुद्राला मिळण्यापूर्वी गाळून घेणारी अशी जागा किती मोलाची असते, हे समुद्रगवताच्या अभ्यासातून अधिक स्पष्ट होते. चेन्नईच्या उघड्या किनाऱ्यावर लाटांचा मारा व हलती वाळू यांमुळे ही कुरणे फोफावत नाहीत. त्यांना उथळ, शांत आणि नितळ पाणी लागते. तमिळनाडूतील विस्तीर्ण कुरणे त्यामुळे दक्षिणेस पाल्क उपसागरात आणि मन्नारच्या आखातात आहेत.

पाल्क उपसागराच्या याच किनाऱ्यावर, तंजावर जिल्ह्यात, सरफोजी राजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ‘मनोरा’ ही वास्तू उभी आहे. मराठी वाचकाला तिच्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. समोरच्या उथळ समुद्रात समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, चरते. हा सस्तन प्राणी जवळजवळ पूर्णपणे समुद्रगवतावर जगतो आणि दिवसाला ३० ते ४० किलो गवत खातो. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र डुगाँगसाठी राखीव घोषित केले. तथापि या कुरणांचे महत्त्व डुगाँगपुरते मर्यादित नाही. कोळंबी, निळे खेकडे आणि अनेक जातींचे मासे यांची पिल्ले या पात्यांच्या आडोशाने वाढतात. मुळांच्या जाळ्यामुळे तळाची माती धरली जाते आणि त्या मातीत कार्बन दीर्घकाळ साठून राहतो.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला येथे पहिला प्रश्न पडतो तो परागीभवनाचा. खऱ्या समुद्रात कीटक जवळजवळ नाहीतच. मग मधमाशीचे काम कोण करते? बहुतेक जातींत पराग पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहतात. एनहॅलस या जातीत नरफुले देठापासून सुटून पृष्ठभागावर येतात आणि तरंगत मादीफुलांपर्यंत पोहोचतात. मात्र मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील थॅलेशिया या समुद्रगवतावर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सूक्ष्म कवचधारी प्राणी व कृमी फुलांना भेट देऊन पराग वाहून नेतात, असे दिसून आले. त्यापूर्वी पाण्याखालील परागीभवन केवळ प्रवाहाच्या भरवशावर चालते, असेच मानले जाई.

परागीभवनापेक्षाही महत्त्वाचे काम हे कवचधारी प्राणी करतात. ते म्हणजे कुरणाची खुरपणी. समुद्रगवताच्या पात्यांवर सूक्ष्म शेवाळाचा थर सतत चढत असतो. या वनस्पतीला पृष्ठभागावरील प्रकाशाच्या साधारण दहाव्या हिश्श्याची तरी गरज असते. थर जाड झाला की ती उपाशी राहते. भाताच्या दाण्याएवढे कवचधारी जीव आणि लहान गोगलगायी हा थर खरवडून खातात. शेतातून वाहून आलेले नत्र व स्फुरद आधी गवताला नव्हे, तर झपाट्याने वाढणाऱ्या शेवाळाला मिळते, आणि तण व पीक यांची स्पर्धा पाण्याखाली सुरू होते.

कॅलिफोर्नियातील एल्कहॉर्न स्लू ही खाडी भाजीपाला आणि स्ट्रॉबेरीच्या सधन शेतीने वेढलेली आहे. तिच्या पाण्यात खतांचे प्रमाण मोठे असूनही समुद्रगवत पुन्हा वाढू लागले. कारण शोधता असे आढळले की, खाडीत परतलेल्या समुद्री पाणमांजरांनी खेकडे खाल्ले. खेकडे कमी झाल्याने त्यांचे भक्ष्य असलेल्या समुद्री गोगलगायी आणि कवचधारी जीव वाढले, आणि त्यांनी पाती स्वच्छ केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास भातावरील तपकिरी तुडतुड्यांची कथा उलट दिशेने सांगतो. खाचरात अवेळी फवारणीने कोळी व मित्रढेकूण मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक उसळतात. खाडीत तुटलेली साखळी जोडली गेली आणि कुरण सावरले.

कीटक आणि कवचधारी हे दोन्ही संधिपाद संघातले, एकमेकांचे नातेवाईक. म्हणून कीटकांसाठी बनवलेले औषध कोळंबीच्या पिल्लालाही ओळखते. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशके अत्यल्प मात्रेतही कवचधारी प्राण्यांना मारक ठरतात. ती मातीच्या कणांना चिकटतात आणि गाळाबरोबर प्रवास करतात. कावेरीच्या कल्लणै येथून निघालेला कालवा पट्टुकोट्टै, पेरावुरणी भागातील भातशेती भिजवतो आणि तेथील निचरा याच पाल्क उपसागराकडे जातो. कुरणावर मग दुहेरी घाव बसू शकतो: खताने शेवाळ पोसले जाते आणि कीटकनाशकाने ते खाणारा मरतो. ट्रॉलरच्या जाळ्यांनी तळ खरवडला जातो हा तिसरा घाव, पण तो शेतकऱ्याच्या हातातला नव्हे.

हा विषय कोकणापासून दूर नाही. गोवा व महाराष्ट्राच्या खाड्यांत, कांदळवनांच्या पुढच्या चिखलपट्ट्यांवर हॅलोफिला बेकारी हे जेमतेम काही सेंटिमीटर उंचीचे समुद्रगवत आढळते. भरतीखाली जाणाऱ्या त्या हिरव्या पट्ट्याला कोणी कुरण म्हणणार नाही, आणि त्यामुळेच त्यावर भराव टाकताना कोणाचा हात अडत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी खाडीकाठच्या भातशेतीसाठी द्यावयाचा सल्ला नवा नाही, पण त्याला येथे वेगळे कारण मिळते. युरिया एकाच वेळी न फेकता विभागून द्यावा; शक्य तेथे युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी, म्हणजे नत्र बांधावरून वाहत नाही. तपकिरी तुडतुडे प्रति चूड ५ ते १० या पातळीला पोहोचल्याशिवाय फवारणी करू नये, आणि त्यांच्यासाठी पायरेथ्रॉइड गटातील औषध तर वापरूच नये. पाऊस तोंडावर असताना फवारू नये, फवारलेल्या खाचराचे पाणी लगेच सोडू नये. फवारणी पंप व रिकामे डबे व्हाळात किंवा खाडीत धुऊ नयेत.

पाल्क उपसागरात ओमकार फाउंडेशन ही संस्था उजाड तळावर समुद्रगवताची पुनर्लागवड करते. बांबूच्या चौकटींवर काथ्याच्या दोऱ्या ताणून त्यांना गवताच्या फांद्या बांधतात आणि चौकटी तळाशी बसवतात. मुळे धरेपर्यंत काथ्या टिकतो, नंतर तो कुजून जातो. रोपे तगण्यासाठी पाणी मात्र त्यांच्यापर्यंत सूर्यप्रकाश पोहोचेल इतके स्वच्छ असावे लागते.