गाठीत सैनिकच जास्त, मग शत्रू कमजोर का?

प्रश्न : भाच्याच्या मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये हॉजकिन लिम्फोमा आहे. पण कर्कपेशी तुरळक, बाकी लिम्फोसाइट्स आणि इओसिनोफिल्स. म्हणजे शरीर जिंकतंय ना? प्रतिकारशक्तीचे काढे सुरू करू का?

उत्तर : नाही, तसा अर्थ काढू नका. या आजारात गाठीतल्या खऱ्या कर्कपेशी, म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, बहुधा जेमतेम एक टक्का असतात. बाकीची गर्दी त्यांनीच जमवलेली असते. त्या सीसीएल-१७ सारखी रसायनं सोडून टी-पेशी या लिम्फोसाइट्सना बोलावतात, आणि आलेल्या पेशी त्यांना मारण्याऐवजी जगण्याचे संकेत पुरवतात. कुंपणच शेत खातं, तसं. मॅक्रोफेज पेशीही त्यात सामील होतात.

मग टी-पेशी गप्प का? कर्कपेशीच्या नवव्या गुणसूत्राचा एक तुकडा अनेकदा जास्तीच्या प्रतींत असतो. त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन भरमसाट येतं. टी-पेशीवरच्या पीडी-१ ला ते चिकटलं की तिचा हल्ला थंडावतो. निव्होलुमॅब हे औषध नेमकी हीच जोडणी अडवतं. २०१६ मध्ये अमेरिकेत ते या आजारासाठी, आधीच्या उपचारांनंतर तो उलटलेल्या रुग्णांकरिता, मंजूर झालं.

काढ्यांनी टी-पेशींवरचा हा ब्रेक सुटत नाही, उलट काही वनस्पती केमोथेरपीच्या औषधांत ढवळाढवळ करतात. आजार किती पसरलाय हे पेट-स्कॅनवरून ठरतं. हा लिम्फोमा बहुतेक तरुण रुग्णांत पूर्ण बरा होतो, तेव्हा स्कॅनची तारीख लांबवू नका.