नागरी जीवनातील सायकल : व्यायाम, मात्रा आणि देश-काल विचार

प्रमेह, स्थौल्य व उच्च रक्तदाब यांचे रुग्ण आज प्रत्येक चिकित्सालयात नित्य येतात. औषधयोजनेबरोबर ‘व्यायाम करा’ असे आपण सांगतो. परंतु कोणता, किती आणि केव्हा, हे क्वचितच लिहून देतो. ‘वेळ मिळत नाही’ हे शहरी रुग्णाचे ठरलेले उत्तर असते. कामावर जाता-येताच घडणारा व्यायाम म्हणून सायकलचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. मात्र धूर आणि रहदारीच्या रस्त्यावर हा सल्ला हितकर की अहितकर, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंमध्ये आस्यासुख व स्वप्नसुख यांचा आरंभीच निर्देश केला आहे. सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत दीर्घ पादभ्रमण सांगितले आहे. लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नी आणि मेदःक्षय ही व्यायामाची फले होत. त्याची मर्यादा अर्धशक्ती ही असून ललाट, नासा व कक्षा येथे स्वेद आणि मुखशोष या लक्षणांनी ती ओळखावी. अतिव्यायामाने कास, ज्वर व प्रतमक श्वास उद्भवतात. श्वासाच्या हेतूंमध्ये रज व धूम यांचीही गणना आहे.

आधुनिक निरीक्षणे

कोपनहेगन येथील सुमारे ३० हजार व्यक्तींच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के अधिक आढळला. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक व्यक्तींच्या २०१७ मधील अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी दिसला. मुळातच निरोगी असणारी माणसे सायकल अधिक चालवितात, हेही येथे ध्यानात ठेवावे. तथापि दोन्ही निष्कर्षांची दिशा एकच आहे.

प्रदूषणाविषयी २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी केलेले गणित उद्बोधक आहे. हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे (पीएम २.५) प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी रोज दीड तासापर्यंतच्या सायकलिंगात लाभच अधिक असतो, त्यापुढे हानी वरचढ ठरते. ‘मात्रा’ या आपल्या संकल्पनेचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

देश-काल विचार

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यात २०१८ साली नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येहून अधिक झाली. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला; परंतु आजही अनेक ठिकाणी सायकलस्वाराला मोटारींच्या मधूनच वाट काढावी लागते. येथे एक विरोधही जाणवतो. हेमंत व शिशिर हे व्यायामाला अनुकूल ऋतू; परंतु याच काळात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत स्थिरावून धूर खालीच कोंडला जातो. म्हणून या ऋतूंत दाट धुके व धूर असता घाई न करता ऊन थोडे वर आल्यावर निघावे, आणि हमरस्ता टाळून आतल्या गल्लीचा मार्ग धरावा. ग्रीष्म, वर्षा व शरदात मात्रा अल्प ठेवावी.

व्यवहारातील सूचना

१. आरंभी १० ते १५ मिनिटे सपाट रस्त्यावर. अर्धशक्तीची लक्षणे पाहून क्रमाने ३० मिनिटांपर्यंत, आठवड्यातून ५ दिवस.

२. भोजनानंतर लगेच व अजीर्ण असता वर्ज्य.

३. छातीत दुखणे, चक्कर किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास प्रथम तपासणी. तमक श्वासाच्या रुग्णास धुरातील सायकल निषिद्ध. अर्श, भगंदर यांत व्याधी शमेपर्यंत थांबावे.

४. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी औषधे घेणाऱ्याने जवळ साखर बाळगावी.

५. पायटा सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी बैठक उंच ठेवावी. अन्यथा जानुशूल वाढतो. शिरस्त्राण अवश्य वापरावे.

औषधालय चालविणाऱ्या बंधू-भगिनींनाही यात वाटा आहे. प्रमेहाची औषधे नियमित नेणाऱ्या ग्राहकास ‘व्यायाम किती होतो?’ एवढे विचारावे आणि दुकानापुढे दोन सायकली उभ्या राहतील इतकी जागा मोकळी ठेवावी.

उपसंहार

योग्य रुग्ण, योग्य मार्ग व योग्य मात्रा असता शहरातही सायकल हितकर आहे. वैद्यांनी चिकित्सापत्रावर औषधाच्या खाली व्यायामाचे नाव, काळ आणि मात्रा स्पष्ट लिहावी, आणि पुढील भेटीत औषधाइतक्याच आस्थेने त्याची चौकशी करावी.